कोंबड्यांसाठी शेताला कुंपण घालताना नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोकळ्या रानात कोंबड्या सोडायच्या म्हटलं की पहिला प्रश्न कुंपणाचाच येतो, आणि तो बहुतेक वेळा "किती उंच घालू" असाच असतो. उंचीचं खाली सांगितलंयच, पण वाचताना एक डोक्यात ठेवा, कोंबडी आत ठेवणं त्यामानाने सोपं आहे, बाहेरचं जनावर बाहेर ठेवणं अवघड आहे, आणि ते जनावर वरून कमी आणि खालून जास्त येतं. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते जमिनीलगतच्या पहिल्या दोन फुटांवर घाला, उंची नंतर वाढवता येते.

मला किती जागा कुंपणात घ्यावी लागेल?

पक्षी किती त्यावर. युरोपियन युनियनच्या मुक्तसंचार अंड्यांच्या नियमात एका कोंबडीला बाहेर ४ चौरस मीटर जागा धरलीये, म्हणजे हेक्टरी जास्तीत जास्त २,५०० पक्षी, एकराच्या हिशोबात साधारण हजार. पण ही वरची मर्यादा आहे हे लक्षात घ्या. तेवढे पक्षी एकाच जागी कायम ठेवले तर शेडच्या आसपास गवताची काडी राहत नाही, जमीन टणक होते, पावसात चिखल होतो. माझं मत विचाराल तर त्याच्या निम्मेच ठेवा आणि जागा भागांमध्ये वाटा, त्याबद्दल पुढे सांगतोच.

जाळी किती लागेल, हिशोब कसा करायचा?

इथे आकाराने खूप फरक पडतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. तेवढाच चौकोनी तुकडा असेल तर बाजू सुमारे २०९ फूट आणि पूर्ण घेरा ८३६ फूट. पण तीच एक एकर १०० फूट रुंदीची लांब पट्टी असेल तर घेरा १,०७० फुटांच्या वर जातो, म्हणजे जागा तेवढीच आणि जाळी सव्वापट. म्हणून पूर्ण शेताला कुंपण घालायच्या आधी विचार करा की शेताचा कुठला चौकोनी भाग घेतला तर चालेल. खांब दर ८ ते १० फुटांवर धरा, कोपरे आणि गेटचे खांब वेगळे मोजा कारण ते जाड लागतात, आणि जाळी मोजून निघेल त्यापेक्षा थोडी जास्त आणा, उतारावर आणि कोपऱ्यात ती खाल्ली जातेच.

कुंपण किती उंच पाहिजे?

जड अंगाच्या जातींना ४ फूट बहुतेक वेळा पुरतं, त्या उडायचा कंटाळाच करतात. हलक्या, चपळ, गावठी वळणाच्या कोंबड्यांना ६ फूट धरा, आणि तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, तर वयात येताना सगळ्यात जास्त उडतात. गिन्नी फाउल झाडावर बसणारा पक्षी आहे, त्याला नुसत्या उंचीने कुठलंच कुंपण अडवत नाही. साध्या जड बदकांना अडीच-तीन फूटही चालतं पण मस्कोवी बदक चांगलं उडतं, ते विसरू नका.

एक गोष्ट लोक हमखास चुकतात. जाळीच्या वरच्या कडेला छान दिसतं म्हणून पाइप किंवा लाकडी पट्टी लावतात. कोंबडी सहसा ६ फुटांवरून सरळ पार उडून जात नाही, ती आधी वरच्या कडेवर बसते आणि मग पलीकडे उडी मारते, त्यामुळे बसायला आधार दिला की तुम्ही तिला पायरीच करून दिली. वरची कड मोकळी, थोडी डुलणारी ठेवा, नुसती एक बारीक तार ओवली तरी चालते, त्यावर तिला तोल सांभाळता येत नाही. तसंच कुंपणाला लागून लाकडांचा ढीग, पाण्याची टाकी, खुराड्याचं छप्पर, वाकलेली फांदी असं काही नको, निदान ६-७ फूट लांब ठेवा.

कोणती जाळी घ्यावी? चेनलिंक, वेल्डमेश की साधी कोंबडी जाळी?

प्रत्येकीचं काम वेगळं आहे त्यामुळे "सगळ्यात चांगली" असं एक नाव सांगता येत नाही.

षटकोनी भोकांची ती पातळ कोंबडी जाळी कोंबडी आत ठेवते, बस. तिची तार २० ते २२ गेजची असते, म्हणजे मिलिमीटरपेक्षाही बारीक, आणि मोठा कुत्रा मनात आणलं तर ती दातांनी ओढून फाडतो. गेजचा आकडा उलटा चालतो हे खरेदी करताना लक्षात ठेवा, आकडा मोठा तर तार बारीक. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटरची, १२ ची अडीचच्या थोडी वर, १६ ची दीडच्या थोडी वर.

चेनलिंक, म्हणजे जाड तारेची तिरक्या चौकोनी भोकांची विणलेली जाळी, मजबूत असते, कुत्रा ढकलतो, गाय अंग घासते तरी टिकते, शेताच्या बाहेरच्या घेऱ्याला हीच बरी. अडचण तिच्या भोकांची. दोन-तीन इंची भोकातून पिल्लं बाहेर जातात, मुंगूस आरामात आत येतं, आणि मोठी कोंबडी मान बाहेर काढून गवत खाते, त्या वेळी बाहेर कोणी टपून असेल तर मुंडकंच जातं. हे ऐकायला वाईट वाटतं पण होतं असं.

म्हणून मी सांगेन ती रचना अशी, बाहेरून ५-६ फूट चेनलिंक आणि तिलाच आतून खालचे दोन फूट अर्ध्या इंची भोकांची वेल्डमेश, म्हणजे उभ्या-आडव्या तारा वेल्ड करून केलेली जाळी, बाइंडिंग तारेने बांधायची. अर्ध्या इंचातून मुंगूस येत नाही, मोठा उंदीर येत नाही. लहान चिचुंद्री किंवा घरातली बारीक उंदरं येतील पण त्यांना अडवायची जागा शेताचं कुंपण नाही, खुराडं आणि दाण्याची कोठी आहे.

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा असलेलीच जाळी घ्या, आणि जमल्यास विणल्यावर किंवा वेल्ड केल्यावर मुलामा दिलेली, कारण वेल्डच्या सांध्यावरचा मुलामा जळलेला असला की गंज तिथूनच धरतो.

काटेरी तार लावली तर?

गुरांसाठी ठीक, कोंबड्यांसाठी नाही. कोंबडी दोन तारांमधून निघून जाते, कुत्रा खालून सरपटतो, आणि घाबरलेली कोंबडी काट्यात अडकून जखमी होते. काटेरी झुडपांचं जुनं कुंपण असेल तर ते काढू नका, बाहेरून आडोसा म्हणून उपयोगी पडतं, वाराही अडतो, पण त्याच्या आत जाळी लागेलच, झुडपाच्या बुडाशी मोकळी जागा राहतेच आणि मुंगसाला तेवढी पुरते.

कुत्रे, कोल्हे खालून उकरून आत येतात, काय करावं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा सविस्तर.

दोन मार्ग आहेत. एक, जाळी जमिनीत एक-दीड फूट गाडायची. चांगलं काम होतं पण चर खणायला मजुरी लागते, खडकाळ जमिनीत पहार चालत नाही, आणि मातीत गाडलेली जाळी ओलाव्याने लवकर गंजते, तेही अशा जागी की गंजली ते तुम्हाला दिसत नाही.

दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. जाळी गाडायची नाही, बाहेरच्या बाजूला जमिनीवर एक ते दीड फूट आडवी पसरायची, एल आकारात, आणि उभ्या जाळीला पक्की बांधायची. उकरणारं जनावर कुंपणाला नाक लावतं आणि अगदी बुडाशीच उकरायला लागतं, तिथे पायाखाली जाळी लागते, आणि चार पावलं मागे सरून तिथून बोगदा काढावा एवढा विचार ते सहसा करत नाही. आडव्या जाळीवर दर दोन-अडीच फुटांवर यू आकाराच्या खिळ्या ठोका, वर दगड किंवा माती टाका, एका पावसात गवत त्यातून वर येतं आणि मुळांनी ती जाळी अशी काही धरून ठेवते की हाताने उचलत नाही. बाहेरच पसरायची हं, आत नाही. आत पसरून उपयोग शून्य, जनावर बाहेरून उकरतं.

आमच्याकडे पहिल्या वर्षी सहा फुटी जाळी होती आणि खाली काहीच केलेलं नव्हतं. एका रात्रीत खालून कुत्रे शिरले. सकाळी पाहिलं तर भोक एवढंसं, जेमतेम वीतभर, आणि आत पिसंच पिसं. त्या दिवशी मनाला जे लागलं त्यामुळेच मी खालच्या दोन फुटांबद्दल इतकं बोलतो.

गेटचं काय?

कुंपण कितीही चांगलं केलं तरी गेटखाली चार बोटं जागा राहते आणि सगळं तिथून चालतं. गेटखाली सिमेंटचा किंवा लाकडाचा उंबरठा करा, नाहीतर निदान फरश्या बसवा, म्हणजे चाकोरी पडून खड्डा होणार नाही. गेट आणि खांब यांच्यातली फटही जाळीची पट्टी लावून बुजवा. ट्रॅक्टर जायचा असेल तर १० ते १२ फुटांचं मोठं गेट लागेल, पण रोजच्या जाण्यायेण्याला तीन फुटांचं छोटं दार वेगळं करा, कारण मोठं गेट रोज उघडलं की कधीतरी ते उघडं राहतंच. छोटं दार आत उघडणारं आणि आपोआप लागणारं असलं तर बरं, हातात बादली असते, कोंबड्या पायात येतात, आत ढकलून जाता येतं आणि त्याही मागे सरतात.

खांब कसे रोवायचे?

कोपऱ्यावरच्या खांबावर सगळ्या जाळीचा ताण येतो. तो निदान अडीच फूट खोल, काँक्रीटमध्ये, आणि दोन्ही बाजूंनी तिरका टेका देऊन. मधले खांब दोन फूट खोल चालतात, मऊ किंवा पाणथळ जमीन असेल तर आणखी खोल. जाळी ताणायच्या आधी काँक्रीट पूर्ण सुकू द्या, घाईत ताणली की खांब आत झुकतात आणि मग ते सरळ होत नाहीत. लाकडी खांब असतील तर बुडाला वाळवी लागते, तेवढं बघा.

उतारावर जाळी सरळ रेषेत ओढली की खालची कड अधांतरी राहते. पायरी पायरीने लावा किंवा खालची फट वेगळ्या तुकड्याने शिवून घ्या. ओढा किंवा चर कुंपणाखालून जात असेल तर तिथे जाळी ताणून बसवू नका, पुराचा कचरा अडकून पूर्ण बाजू झोपते. वरून लोंबती झडप लावा, पाणी आलं की उचलली जाईल आणि ओसरलं की परत खाली येईल.

झटका मशीन लावलं तर चालेल का?

चालतं, आणि कुत्रा-कोल्ह्यासाठी फारच गुणकारी आहे, फक्त नीट लावलं तर. आधी सगळ्यात महत्त्वाचं, घरातली किंवा मोटारीची लाइन थेट कुंपणाला कधीही, कुठल्याही परिस्थितीत द्यायची नाही. त्याने माणूस जागेवर मरतो. झटका मशीन वेगळं असतं, ते साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्या अगदी छोट्या भागापुरताच विजेचा दाब सोडतं, म्हणून झटका बसतो आणि सोडतो. मान्यताप्राप्त मशीनच घ्या, घरगुती जुगाड नको, आणि ठिकठिकाणी इशाऱ्याच्या पाट्या लावा.

दोन प्रकारे वापरता येतं. एक म्हणजे आधीच्या जाळीच्या बाहेर इन्सुलेटरवर दोन तारा, एक जमिनीपासून वीतभर उंचीवर, उकरायला आलेल्याच्या नाकाला लागेल अशी, आणि दुसरी वरच्या कडेजवळ, चढणाऱ्यासाठी. दुसरं म्हणजे विजेची विणलेली जाळी, साडेतीन-चार फूट उंचीची, जी खांबांसकट गुंडाळून दुसरीकडे नेता येते. जागा बदलत चारणाऱ्यांना ही सोयीची.

कोंबडीला पिसांमुळे झटका कमी लागतो, चोच किंवा तुरा लागला तरच तिला कळतं. म्हणून कोंबडी आत राहते ती विजेपेक्षा जाळी दिसते म्हणून, आणि वीज आहे ती बाहेरच्यासाठी. अगदी लहान पिल्लं मात्र विजेच्या जाळीच्या भोकांतून निघून जातात किंवा त्यात अडकतात, त्यांना तिथे सोडू नका.

झटका मशीन आहे पण झटकाच लागत नाही, का?

दहापैकी नऊ वेळा अर्थिंग किंवा गवत. गवत तारेला टेकलं, त्यात ते ओलं असलं, की वीज तिथूनच जमिनीत जाते. तारेखालची पट्टी कापून ठेवावीच लागते, या कामाला दुसरा पर्याय नाही.

अर्थिंगसाठी एकच छोटी सळई ठोकून भागत नाही. निदान एक मीटर लांबीच्या तीन सळया, एकमेकींपासून ३ मीटर अंतरावर, ओलसर जागी. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की झटका मंदावतो कारण जनावराच्या पायातून वीज परत मशीनकडे यायला ओल लागते, तेव्हा सळयांच्या बुडाशी पाणी ओता. विजेच्या कुंपणाचा, व्होल्ट दाखवणारा टेस्टर विकत घ्याच. कुंपणाच्या लांबच्या टोकाला ४,००० व्होल्टच्या वर दिसलं तर चांगलं, ३,००० च्या खाली गेलं की केसाळ जनावर त्याला जुमानत नाही. अर्थिंग तपासायचं असेल तर मशीनपासून शंभरेक मीटरवर लोखंडी सळया टेकवून कुंपण मुद्दाम शॉर्ट करा, दाब २,००० च्या खाली आला की मग अर्थिंगच्या शेवटच्या सळईवर मोजा, तिथे ३०० च्या वर दिसलं तर अजून सळया ठोका. सळया टेकवताना मशीन बंद करायला विसरू नका.

आणि बंद पडलेली विजेची जाळी तशीच उभी ठेवू नका, बेडूक, साप, पक्षी अडकतात आणि जनावरांनाही कळतं की यात आता काही नाही.

घार, ससाणा, कावळे वरून येतात, पूर्ण शेतावर जाळी टाकायची का?

एकरभर जागेवर जाळी टाकणं जमत नाही आणि वाऱ्यात टिकतही नाही. वरून बंदोबस्त करायचा तो लहान पिल्लांच्या कोंडवाड्याचा, सहा ते आठ आठवडे पिल्लं वरून झाकलेल्या जागेतच ठेवा, कावळासुद्धा त्यांना उचलतो. मोठ्यांसाठी शेतात आडोसे करा. कोंबडी मुळात झाडीतल्या रानकोंबडीचा वंश आहे, डोक्यावर उघडं आभाळ तिला आवडत नाही, त्यामुळे झाडं-झुडपं असतील तरच ती शेडपासून लांब जाते, नाहीतर शेत तुम्ही कितीही मोठं द्या, सगळ्या दारापाशीच घुटमळतात आणि तिथलीच जमीन उजाड करतात. झाडं वाढेपर्यंत चार बांबूंवर शेडनेटचे तुकडे, उलटे केलेले मोठे क्रेट, काहीही चालेल, पळून शिरता आलं म्हणजे झालं.

नायलॉनची जाळी वर टाकणार असाल तर उन्हाला टिकणारी घ्या. बर्ड फ्लूची साथ असेल तेव्हा मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा रानपक्ष्यांचा संबंध तोडायचा असतो. वरून २५ मिमी किंवा त्याहून बारीक जाळी लागते, आणि जाळीतूनही विष्ठा पडतेच, म्हणून दाणा-पाणी छपराखालीच ठेवा. पशुवैद्यकीय खात्याने पक्षी कोंडून ठेवायला सांगितलं तर कोंडायचे, तिथे वाद नको.

पंख कापावेत का?

कुंपण उंच करता येत नसेल तर. एकाच बाजूच्या पंखाची पुढची दहा लांब पिसं कापायची, दोन्ही बाजूंची नाही, कारण तोल जायला हवा असतो. नवीन येणारं पीस बुडाशी काळपट-निळसर दिसतं, त्यात रक्त असतं, ते अजिबात कापू नका. पिसं झडून नवी आली की वर्षाने परत कापावी लागतात. माझा स्वतःचा कल "नको"कडेच आहे, पंख कापलेली कोंबडी कुत्र्यासमोर झाडावरही चढू शकत नाही.

एवढं कुंपण केल्यावर रात्री बाहेर ठेवल्या तर?

नाही. कोंबडीला अंधारात दिसत नाही, ती बसल्या जागी बसून राहते. अंधार पडायच्या आत खुराड्यात, आणि खुराड्याला अर्ध्या इंची वेल्डमेश, पक्की कडी, फरशीची जमीन. सापाला तर शेताचं कुंपण अडवतच नाही, त्याची काळजी खुराड्यातच घ्यायची, फटी बुजवायच्या आणि उंदीर होऊ द्यायचे नाहीत कारण साप बहुतेक उंदरामागेच येतो. नवीन आणलेल्या कोंबड्या पहिला आठवडाभर खुराड्यातच कोंडा, मग संध्याकाळी आपणहून परत येतात, नाहीतर कुंपणाच्या कोपऱ्यात झोपतात.

आतमध्ये भाग करायचे म्हणजे कसं?

बाहेरचा घेरा मजबूत आणि आतले पडदे हलके, तिथे ती स्वस्तातली कोंबडी जाळी चालते. शेड मधोमध आणि त्याची दारं चार बाजूंना उघडतील असं करता आलं तर उत्तम, एका वेळी एकच दार उघडायचं. गवत कुरतडून दोन-अडीच इंचांवर आलं की पुढचा भाग, आणि पहिल्याला पूर्ण वाढू द्यायचं. जंतांची अंडी मातीत महिनोन् महिने टिकतात त्यामुळे विश्रांती जेवढी लांब तेवढी बरी, ऊनही मदत करतं. दोन भागांत वेगवेगळे कोंबडे असतील तर मधल्या जाळीला खालून दोन फूट शेडनेट बांधा, एकमेकांना दिसले की जाळीतूनच भांडून तुरे रक्तबंबाळ करून घेतात.

काम झाल्यावर आणखी काही बघायचं असतं का?

तारेचे तुकडे! याकडे कोणी लक्ष देत नाही. कोंबडी चमकणारं काहीही टिपते, जस्ताचा मुलामा असलेला तुकडा पोटात गेला तर टोचतो तरी किंवा जस्ताची विषबाधा तरी होते. जाळी बांधून झाली की दोरीला मोठं लोहचुंबक बांधून पूर्ण कडेने फिरवा, जीआय तार चुंबकाला चिकटते, मग कोंबड्या सोडा.

कुंपण किती दिवसांनी तपासायचं?

आठवड्यातून एकदा पूर्ण फेरी, पायी, आतून एकदा आणि बाहेरून एकदा. जोराचा पाऊस किंवा वारा झाला की दुसऱ्या दिवशी लगेच. वर बघत चालू नका, खाली बघत चाला, ताजी माती उकरलेली, जाळीला अडकलेले केस, दबलेलं गवत, हे दिसलं म्हणजे रात्री कोणीतरी येऊन गेलंय आणि ते परत त्याच जागी येणार आहे. त्याच दिवशी तिथे दगड टाका, जाळीचा तुकडा शिवा, उद्यावर ठेवू नका. फेरीला जाताना खिशात पक्कड आणि बाइंडिंग तारेचं भेंडोळं असू द्या, नाहीतर "नंतर येऊन बांधतो" म्हटलेलं भोक तसंच राहतं.